शेवटच्या थेंबाचे गणित

एक प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल, निदान शिक्षकांना करताना तरी पाहिला असेल. शंकुपात्रात २५ मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे. त्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे. वर ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोड्याचे, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण भरायचे आणि तोटी किंचित उघडून ते थेंबथेंब खाली सोडायचे. एका हाताने तोटी सांभाळायची, दुसऱ्या हाताने पात्र हलवत राहायचे. दहा मिलिलिटर पडतात, वीस पडतात, चोवीस पडतात, तरी पात्रातले द्रावण आपले पाण्यासारखे रंगहीनच! आणि मग एक थेंब असा पडतो की सारे द्रावण फिक्कट गुलाबी होऊन जाते. त्याच क्षणी तोटी बंद करायची आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. या क्रियेला अनुमापन म्हणतात. सोड्याच्या द्रावणाची संहती ठाऊक असेल, तर या एका आकड्यावरून आम्लाची संहती काढता येते.

माझे एक मित्र उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या अकरावीच्या वर्गात हा प्रयोग चालू असताना एका मुलीने विचारले, "सर, पुस्तकात लिहिले आहे की आम्ल आणि सोडा यांचे पूर्ण उदासिनीकरण झाले की द्रावणाचा सामू सात होतो. पुढच्याच पानावर लिहिले आहे की फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होते ते सामू आठाच्या वर गेल्यावर. मग आपण तोटी बंद करतो ती उशिराच ना? म्हणजे आपण काढलेले उत्तर चूक नाही का?"

वर्गात हशा पिकला. सगळी शाळा वर्षानुवर्षे करीत आलेला प्रयोग ही चूक ठरवणार! मित्रांनी मुलांना गप्प केले, "उत्तर उद्या देतो," असे सांगितले, आणि संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, रसायनशास्त्र नव्हे. परंतु प्रश्न हिशेबाचा होता. आम्ही दोघे कागद, पेन्सिल आणि लॉगची कोष्टके घेऊन बसलो. त्या संध्याकाळी जो हिशेब झाला तोच येथे मांडत आहे. तो प्रश्न हसण्यासारखा होता की नव्हता, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

सामू म्हणजे काय?

आम्ल पाण्यात विरघळले की हायड्रोजन आयन सुटे होतात. खरे तर हा आयन एकटा राहत नाही, पाण्याच्या रेणूला चिकटून असतो. पण हिशेबासाठी त्याला नुसता हायड्रोजन आयन म्हटले तरी चालते. हायड्रोक्लोरिक आम्ल हे तीव्र आम्ल आहे. म्हणजे विरल द्रावणात त्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू फुटून हायड्रोजन आयन देतो. तसाच कॉस्टिक सोडा पाण्यात पूर्णपणे सुटा होऊन हायड्रॉक्साइड आयन देतो. हे दोन आयन भेटले की पाणी तयार होते. उदासिनीकरण म्हणतात ते हेच.

आयन मोजण्याचे माप मोल. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे कणांचा एक ठरावीक गठ्ठा. फक्त या गठ्ठ्यात ६०२ या आकड्यापुढे एकवीस शून्ये दिल्यावर होतील इतके कण असतात. एका लिटरात जितके मोल, तितकी द्रावणाची संहती. ०.१ मोलर द्रावण म्हणजे लिटरमागे एकदशांश मोल.

आता अडचण अशी की ही संहती ०.१ पासून ०.०००००००००००१ पर्यंत कोठेही असू शकते. इतकी शून्ये मोजता मोजता माणूस चुकणारच. कोपनहेगन येथे एका बिअरच्या कारखान्याने स्थापलेली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आहे. तेथे सोरेन सोरेन्सेन हे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ प्रथिने आणि विकरे यांवर काम करीत असत. १९०९ साली त्यांनी एक सोपी युक्ती सुचवली. एकाला किती वेळा दहाने भागले म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती मिळते, तेवढाच आकडा लिहायचा. ०.१ साठी एकदा भागावे लागते, म्हणून सामू १. ०.००१ साठी तीनदा, म्हणून सामू ३. रसायनाच्या पुस्तकांत याला पीएच असेही म्हटलेले असते. माती-परीक्षणाच्या पत्रकावर जमिनीचा सामू लिहिलेला असतो, तोही हाच.

संहती मधलीच असेल तर लॉगचे कोष्टक घ्यावे लागते. सूत्र असे:

सामू = − लॉग (हायड्रोजन आयनांची संहती)

उदाहरणार्थ, संहती ०.००२, म्हणजे २ भागिले १०००. हजारासाठी ३, त्यातून २ चा लॉग, ०.३०, वजा केला. सामू २.७०. लक्षात ठेवा, हायड्रोजन आयन जास्त तितका सामू कमी.

हिशेबाच्या पायऱ्या

पात्रात ०.१ मोलर आम्ल २५ मिलिलिटर आहे आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडा आहे असे धरू. मोलचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल. ०.१ मोलर द्रावणाच्या दर मिलिलिटरात ०.१ मिलिमोल असतो. म्हणून सुरुवातीस पात्रात २.५ मिलिमोल हायड्रोजन आयन आहेत.

आता सोडा १० मिलिलिटर पडला असे समजा. त्यातून १ मिलिमोल हायड्रॉक्साइड आला आणि त्याने १ मिलिमोल हायड्रोजन आयन संपवले. उरले १.५ मिलिमोल. पण ते आता २५ मिलिलिटरात नाहीत, २५ अधिक १० म्हणजे ३५ मिलिलिटरात आहेत. १.५ ला ३५ ने भागले की ०.०४२९ येते. हे ४.२९ भागिले १००. ४.२९ चा लॉग ०.६३. तेव्हा सामू २ − ०.६३ = १.३७.

सगळे गणित एवढेच आहे. वजाबाकी करा, एकूण घनफळाने भागा, लॉग घ्या. परीक्षेत बहुतेक चुका होतात त्या दुसऱ्या पायरीवर. विद्यार्थी ३५ ऐवजी २५ नेच भागतात आणि सामू १.२२ काढून मोकळे होतात.

सोडा २५ मिलिलिटरांच्या पुढे गेला की आम्ल संपलेले असते आणि हायड्रॉक्साइड उरू लागतो. तेव्हा वजाबाकी उलटी करायची. सोडा २६ मिलिलिटर पडला तर ०.१ मिलिमोल हायड्रॉक्साइड जास्त झाला. एकूण घनफळ ५१. संहती ०.००१९६, तिचा सामूसारखाच आकडा २.७१. हा आकडा १४ मधून वजा केला की सामू मिळतो, ११.२९. हे १४ कोठून आले ते पुढे पाहू.

अशा रीतीने आम्ही त्या संध्याकाळी पुढील कोष्टक तयार केले. तापमान २५ अंश सेल्सिअस धरले आहे.

पडलेला सोडा (मिलि.) — उरलेले आयन (मिलिमोल) — एकूण घनफळ (मिलि.) — सामू

० — हायड्रोजन २.५ — २५ — १.००
१० — हायड्रोजन १.५ — ३५ — १.३७
१२.५ — हायड्रोजन १.२५ — ३७.५ — १.४८
२० — हायड्रोजन ०.५ — ४५ — १.९५
२२.५ — हायड्रोजन ०.२५ — ४७.५ — २.२८
२४ — हायड्रोजन ०.१ — ४९ — २.६९
२४.५ — हायड्रोजन ०.०५ — ४९.५ — ३.००
२४.९ — हायड्रोजन ०.०१ — ४९.९ — ३.७०
२४.९५ — हायड्रोजन ०.००५ — ४९.९५ — ४.००
२५ — कोणतेच जास्त नाहीत — ५० — ७.००
२५.०५ — हायड्रॉक्साइड ०.००५ — ५०.०५ — १०.००
२५.१ — हायड्रॉक्साइड ०.०१ — ५०.१ — १०.३०
२६ — हायड्रॉक्साइड ०.१ — ५१ — ११.२९
३० — हायड्रॉक्साइड ०.५ — ५५ — ११.९६

हे आकडे आलेख-कागदावर मांडून पाहा. आडव्या अक्षावर सोडा, उभ्या अक्षावर सामू. रेषा बराच वेळ जवळजवळ आडवी जाते, मग एकाएकी भिंतीसारखी उभी चढते आणि वर जाऊन पुन्हा आडवी होते.

ब्युरेटचा एक थेंब साधारणपणे ०.०५ मिलिलिटरचा असतो. एका मिलिलिटरात वीस थेंब. म्हणजे २५ मिलिलिटरात पाचशे थेंब झाले. आता कोष्टक थेंबांच्या भाषेत वाचा. पहिल्या अडीचशे थेंबांनी सामू जेमतेम अर्ध्याने वाढला, १ वरून १.४८ वर. साडेचारशे थेंब पडले, नव्वद टक्के आम्ल संपले, तरी सामू २.२८. आणि पाचशेवा एकटा थेंब सामू ४ वरून ७ वर नेतो, पाचशेएकावा ७ वरून १० वर. दोन थेंबांत हायड्रोजन आयनांची संहती दहा लाख पटींनी कमी झाली!

सगळे थेंब सारखे, मग ही उडी का?

पाचशेव्या थेंबात काही विशेष शक्ती आली काय? मुळीच नाही. पहिल्या थेंबात जितका सोडा तितकाच त्यातही. मग असे का व्हावे?

एक उदाहरण घेऊ. एका माणसाजवळ एक लाख रुपये आहेत आणि तो रोज बरोबर दहा रुपये खर्च करतो. लाखाचे दहा हजार व्हायला त्याला नऊ हजार दिवस लागतील. दहा हजारांचे एक हजार व्हायला नऊशे दिवस. हजाराचे शंभर व्हायला नव्वद दिवस. शंभराचे दहा व्हायला नऊच दिवस. आणि दहाचे शून्य? एक दिवस! खर्च रोज तेवढाच आहे. पण आपण जर त्याची शिल्लक न पाहता शिलकीतील शून्ये तेवढी मोजत बसलो, तर आपल्याला दिसेल की सुरुवातीची कित्येक वर्षे काहीच घडत नाही आणि शेवटच्या आठवड्यात माणूस एकदम बुडतो. दुसऱ्या दिवसापासून कर्ज सुरू झाले, तर ते दहाचे शंभर होतानाही अशीच घाई, आणि पुढे हजाराचे दहा हजार होताना पुन्हा तसाच संथपणा.

सामू शून्ये मोजतो. अनुमापनात थेंब मात्र वजाबाकी करतात. वजाबाकी एका ठरावीक चालीने होत असताना तिच्याकडे लॉगच्या चष्म्यातून पाहिले, की शिल्लक संपायच्या वेळी उडी दिसायचीच. द्रावणाचे घनफळ पंचवीसचे पन्नास होते, त्याचा हात या गोष्टीत फार थोडा आहे. दुप्पट घनफळाने सामू फार तर ०.३० ने बदलतो.

पण मग कोणी विचारील की हा लॉगचा चष्मा आपणच डोळ्यांवर चढवलेला आहे, निसर्गाला त्याचे काय? पदार्थविज्ञानाच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर द्यायला आनंद वाटतो. सामू मोजण्याच्या यंत्रात खास काचेचा पातळ फुगा असतो. तो द्रावणात बुडवला की विद्युत्-दाब निर्माण होतो, आणि हा दाब संहतीच्या प्रमाणात नव्हे, तर संहतीच्या लॉगच्या प्रमाणात बदलतो. २५ अंशांना सामू एकाने बदलला की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. आपल्या प्रयोगात त्या दोन थेंबांच्या वेळी यंत्राचा काटा साडेतीनशे मिलिव्होल्ट सरकेल. म्हणजे ही उडी केवळ कागदावरची नव्हे. यंत्रावर घेतलेला आलेखही असाच भिंतीसारखा चढतो. आता एवढे खरे की ०.१ मोलर आम्लाचा सामू यंत्र १.०० न दाखवता १.१ च्या आसपास दाखवते, कारण दाटीतले आयन एकमेकांना ओढत असतात आणि त्यांचा प्रभाव थोडा कमी पडतो. आपल्या युक्तिवादाला त्याने बाध येत नाही.

शिल्लक शून्य, तरी सामू सात

२५ मिलिलिटरला आम्ल संपले आणि सोडाही संपला. याला समतुल्य बिंदू म्हणतात. मग हायड्रोजन आयनांची संहती शून्य का धरायची नाही? शून्याचा लॉग तर निघतच नाही!

येथे पाणी मदतीला येते. शुद्ध पाण्याचेही काही रेणू स्वतःहून फुटत असतात आणि पुन्हा जुळत असतात. २५ अंश तापमानाला लिटरमागे एक मोलचा कोटीवा भाग हायड्रोजन आयन आणि तितकेच हायड्रॉक्साइड आयन पाण्यात नेहमी असतात. एका लिटर पाण्यात सुमारे ५५.५ मोल रेणू असतात, तेव्हा फुटलेला रेणू ५५ कोटी ५० लाखांत एक. १९७१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ५४ कोटी ८० लाख होती. साऱ्या देशात एखादाच माणूस वेगळा असावा तसे हे आहे. पण आम्ल संपल्यावर हिशेबाला उरतो तो हाच एक. कोटीमध्ये सात शून्ये, म्हणून सामू सात.

या दोन संहतींचा गुणाकार नेहमी कायम राहतो. एक वाढली की दुसरी त्या मानाने घटते. कोटीव्या भागाला कोटीव्या भागाने गुणले की छेदात चौदा शून्ये येतात. वर १४ मधून वजा केले ते यामुळे.

मात्र सात हा आकडा २५ अंशांपुरता आहे. पाणी तापले की त्याचे जास्त रेणू फुटतात. ४० अंशांना उदासीन पाण्याचा सामू सुमारे ६.८ असतो, ६० अंशांना सुमारे ६.५. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत प्रयोग केलात तर समतुल्य बिंदूवर नेमके सात मिळणार नाही. पाणी आम्लधर्मी झाले असा त्याचा अर्थ नव्हे. दोन्ही आयन सारखेच वाढलेले असतात.

आलेख दिसला की त्याचा चढ किती, हे विचारल्यावाचून मला चैन पडत नाही. सुरुवातीस हा चढ मिलिलिटरमागे ०.०३५ इतका आहे. पाण्याचे आयन धरून समतुल्य बिंदूवर तो काढला तर मिलिलिटरमागे ४३०० हून अधिक येतो, म्हणजे सुरुवातीच्या सव्वा लाख पट! अर्थात हा वेग क्षणापुरता आहे. मोटारीचा काटा क्षणभर मोठा आकडा दाखवतो, पण मोटार तासभर त्या वेगाने जात नाही, तसे. परंतु आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या चढातच आहे.

आता प्रश्नाचे उत्तर

फिनॉल्फ्थॅलीनचा रंग सामू ८.२ च्या सुमारास दिसू लागतो आणि १० पर्यंत तो गडद होतो. आपल्याला गुलाबी छटा सामू ९ ला दिसली असे धरू. सामू ९ म्हणजे हायड्रॉक्साइडची संहती ०.००००१. द्रावण ५० मिलिलिटर. म्हणजे जास्त पडलेला हायड्रॉक्साइड ०.०००५ मिलिमोल. त्यासाठी ०.१ मोलर सोडा लागतो ०.००५ मिलिलिटर. एका थेंबाचा दहावा भाग!

तेव्हा मुलीचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. आपण तोटी उशिराच बंद करतो. पण तो उशीर थेंबाच्या एकदशांशाचा आहे, आणि तोटीतून थेंबाहून कमी सोडणे बहुतेकांना जमत नाही. ब्युरेटवरच्या खुणाही ०.१ मिलिलिटरच्या असतात. चूक आहे, पण ती ब्युरेटला दिसत नाही. पंचवीस मिलिलिटरात तिचे प्रमाण टक्क्याचा पन्नासावा भाग.

हेच मेथिल ऑरेंजबाबत. त्याचा रंग ३.१ ते ४.४ या सामूच्या दरम्यान बदलतो, म्हणजे समतुल्य बिंदूच्या अलीकडे. सामू ४ ला तोटी बंद केली तर आपण एक थेंब लवकर थांबलो. तेही चालण्यासारखे आहे. भिंत इतकी उभी आणि इतकी उंच आहे की तिच्यावर कोठेही खूण केली तरी खालचा आकडा तोच. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या अनुमापनात दोन्ही दर्शक चालतात, असे पुस्तक म्हणते त्याचे कारण हे.

पण येथे थांबू नका. भिंत नेहमीच एवढी उंच असते काय?

तोच प्रयोग ०.००१ मोलर द्रावणे घेऊन करा. प्रत्येक थेंबात सोडा शंभरपट कमी. सुरुवातीचा सामू ३. समतुल्य बिंदूच्या आधी एक थेंब सामू ६, नंतर एक थेंब सामू ८. चार ते दहाची भिंत सहा ते आठची झाली. आता फिनॉल्फ्थॅलीन सामू ९ ला गुलाबी व्हायचे तर सोडा अर्धा मिलिलिटर जास्त लागतो. दहा थेंब! चूक दोन टक्के. आणि मेथिल ऑरेंज सामू ४ ला रंग बदलायचे तर ते २०.४५ मिलिलिटरलाच बदलेल. साडेचार मिलिलिटर आधी; चूक अठरा टक्के. येथे मुलीचा आक्षेप अक्षरशः खरा ठरतो. अशा वेळी ब्रोमोथायमॉल ब्लूसारखा, सामू ६ ते ७.६ च्या दरम्यान रंग बदलणारा दर्शक घ्यावा लागतो, नाहीतर यंत्रच लावावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गुलाबी झालेले द्रावण थोडा वेळ ठेवले की रंग फिका पडत जातो आणि मुले घाबरून आणखी सोडा टाकतात. तसे करू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळून थोडे आम्ल तयार करीत असतो. उघडे ठेवलेले शुद्ध पाणीसुद्धा याच कारणाने सामू ५.६ च्या आसपास येते. पात्र हलवल्यावर अर्धा मिनिट टिकली ती छटा खरी. आणि सोडा विरल असला तरी डोळ्यांना घातक असतो. ब्युरेट भरताना ती डोळ्यांच्या पातळीखाली घेऊनच भरा.

दुसऱ्या दिवशी माझ्या मित्रांनी कोष्टक फळ्यावर लिहिले. मग त्यांनी दोन्ही द्रावणे शंभरपट विरल करून त्या मुलीच्या हाती ब्युरेट दिली. मेथिल ऑरेंजचा रंग कोठे बदलला हे वर्गाला ठरवताच येईना. कोणी एकोणीस म्हणे, कोणी बावीस. फिनॉल्फ्थॅलीनची छटा येई आणि विरून जाई. वर्गातली पंधरा डोकी शंकुपात्रावर वाकली होती. हसत मात्र कोणी नव्हते.

करून पाहा

१. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलिलिटर आणि ०.१ मोलर कॉस्टिक सोडा ३० मिलिलिटर एकत्र केले. सामू किती?

२. सामू १ आणि सामू ३ असलेली हायड्रोक्लोरिक आम्लाची द्रावणे सारख्या घनफळात मिसळली. मिश्रणाचा सामू २ होईल काय?

३. हायड्रोक्लोरिक आम्ल इतके विरल केले की त्याची संहती मोलरच्या दहा कोटीव्या भागाएवढी झाली. सूत्राने सामू ८ येतो. आम्लाचा सामू सातापेक्षा जास्त कसा? चूक कोठे झाली?

उत्तरे : १) १२.३०. २) नाही. संहतीची सरासरी काढा, सामूची नव्हे, उत्तर १.३०. ३) पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबात धरायचे राहिले. ते धरले की सामू ६.९८ येतो, सातापेक्षा किंचित कमीच.